स्वतःच्या मनाने काही करायचं नाही

आमच्या घरात नवऱ्याला ‘नंतर’ हा शब्द फार प्रिय, आणि मामंजींना तो ऐकला की अंगावर पाल पडल्यासारखं व्हायचं. बापलेकांच्या या एका फरकातून पुढचं सगळं घडलं, असं मला वाटतं. नवरा म्हणतो, असं काही नसतं, जे व्हायचं ते होतंच. त्याला तसं म्हणणं सोयीचं आहे.

मामंजी म्हणजे माझे सासरे. सांगलीला सरकारी हिशेबखात्यात कारकून म्हणून लागले आणि अधीक्षक होऊन निवृत्त झाले. सासूबाई गेल्यावर ते नीट जेवेनात, घराची दारं दिवसाही उघडेनात, म्हणून आम्ही त्यांना चंडीगढला आणलं. नवरा केंद्र सरकारच्या नोकरीत, बदलीचा हुकूम येईल तिथे बिऱ्हाड न्यायचं. मी चंडीगढबाहेरच्या खरड गावात एका खाजगी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. मुलगी तेव्हा अकरावीत होती. सकाळी आम्ही तिघं बाहेर पडलो की त्या सरकारी क्वार्टरमध्ये मामंजी आणि चार भिंती उरायच्या.

समोरच्या पार्कात निवृत्त सरदारजींचा कट्टा बसे. माणसं दिलदार, “आओ जी, बैठो जी” म्हणून सरकून जागा द्यायची. पण मामंजींचं हिंदी परिपत्रकातलं. ‘कृपया’ लावल्याशिवाय त्यांचं वाक्य सुरू होत नसे. पंजाबी विनोदावर सगळे हसून गप्प झाले की मग यांना तो कळायचा आणि हे एकटेच हसायचे. महिनाभर गेले, मग गुडघ्याचं निमित्त करून थांबले.

तेव्हा मीच त्यांना घरच्या कॉम्प्युटरवर बसवलं. विजेचं बिल, पाण्याचं बिल, गॅसचा नंबर, मुलीची फी, नवऱ्याची रेल्वेची तिकिटं, सगळं हळूहळू त्यांच्याकडे गेलं. शिकायला हुशार होते. दहाच्या ठोक्याला इस्त्रीचा पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून, केस विंचरून खुर्चीवर बसायचे. सुट्टीच्या दिवशी मी मुद्दाम विचारायची, “काय मामंजी, आज ऑफिसला लेट मार्क?”

“तुझ्या चहानं उशीर केला, तसा शेरा मारतो की,” ते म्हणायचे.

त्या टेबलाचा त्यांना किती आधार होता, हे त्यांनी मला एकदा सरळ सांगितलं होतं. मी भाजी निवडत होते आणि ते बिलं भरून उठले होते. म्हणाले, “पोरी, कामाशिवाय माणूस घरात राहिला की तो सामानात जमा होतो बघ. बदलीच्या वेळी ट्रकमध्ये चढवायचा आणि पुढच्या गावी उतरवून घ्यायचा. माझ्याकडे एवढं टेबल आहे तोवर मी माणसांत आहे.” मी म्हटलं, “असं काय बोलता!” आणि मेथी निवडत राहिले.

कॉम्प्युटरच्या खालच्या कोपऱ्यातून ती चौकट वर यायची. नवीन अपडेट उपलब्ध आहे, आता करायचं की नंतर? नवरा कित्येक वर्षं डोळे न उघडता ‘नंतर’ दाबत आला होता. मामंजींनी आयुष्यभर एकच नियम पाळलेला, आलेला कागद टेबलावर झोपवायचा नाही. संध्याकाळी टेबल मोकळं करूनच उठायचं. त्यामुळे चार्ज घेतल्या घेतल्या त्यांनी लेकाची सगळी थकबाकी निकालात काढली. कॉम्प्युटर दिवसभर गोल गोल फिरत राहिला आणि हे दूध तापत ठेवल्यासारखे त्याच्यासमोर बसून राहिले. त्यात काही वाईट झालं नाही. उलट यंत्र जरा बरं चालायला लागलं.

वाईट सुरू झालं ते नाट्यगीतांपायी. जुनी नाट्यगीतं फुकट ऐकायला मिळतात म्हणून ते कुठल्यातरी भलत्याच साइटवर जाऊ लागले. तिथे पडद्यावर मध्येच पाटी यायची, की तुमचा व्हिडिओ प्लेअर जुना झाला आहे, तातडीने अपडेट करा. मामंजी करायचे. मग ब्राउझर जुना व्हायचा, मग व्हायरस शोधणारं काहीतरी जुनं व्हायचं. एका आठवड्यात आमच्या कॉम्प्युटरवर रशियन जुगाराच्या आणि केस उगवण्याच्या जाहिराती नाचायला लागल्या.

मी त्यांच्याशेजारी बसून समजावलं. खरी सूचना कॉम्प्युटरची स्वतःची असते, खोटी त्या साइटवरून येते. खोटी घाई करते, घाबरवते, खरी सहसा इतकी ओरडत नाही. त्यांनी ऑडिटरसारखं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “मग सही-शिक्का कुठं बघायचा?”

मुलगी मागून म्हणाली, “आजोबा, सिंपल है यार. कुछ भी आए, क्रॉस दबाओ.” तिला मराठी सगळं कळतं, पण तोंडातून निघतं ते हिंदी.

“क्रॉस म्हणजे फेटाळणं,” मामंजी म्हणाले. “कारण न देता कसं फेटाळायचं?”

आम्ही दोघी खूप हसलो. तेही हसले. पण ते गंमत करत नव्हते. ज्या कागदावर ‘तातडीचे’ असा शेरा आहे तो ढिगात सगळ्यांत वर ठेवायचा, हे त्यांच्या हाडात भिनलेलं होतं. खरी सूचना सावकाश, अदबीने यायची, म्हणून तिला ते ढिगात सगळ्यांत खाली टाकू लागले. खोटी लाल अक्षरांत बोंबलत यायची, म्हणून तिचा मान पहिला. चोराला हे कसं ठाऊक असतं देव जाणे, पण त्याने सापळा लावला तो नेमका आयुष्यभर शिस्तीने नोकरी केलेल्या माणसासाठी.

पावसाळा संपत आला होता. मी खरडहून दुपारी घरी आले तर मामंजी खुर्चीत न बसता टेबलाशेजारी उभे होते, दोन्ही हात मागे बांधून. फोन स्पीकरवर होता. पडद्यावरचा बाण आपला आपण फिरत होता, फायली उघडत होता, मिटत होता. मला बघून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि हळूच, अगदी कौतुकाने म्हणाले, “हेड ऑफिसचा माणूस आहे. स्वतः करतोय सगळं.”

पडद्यावर लाल पाटी आली होती, भोंगा वाजला होता आणि खाली फोन नंबर होता. यांनी लावला. पलीकडच्याने “हेड ऑफिस से बोल रहा हूँ” म्हटलं आणि मामंजी उठून उभे राहिले, तो सांगेल ती बटणं दाबत गेले. एवढंच झालं होतं. पलीकडचा आवाज विचारत होता, “सर, आप लाइन पे हैं ना? मशीन बंद मत कीजिए.”

“जी सर,” मामंजी म्हणाले.

मी धावत जाऊन भिंतीतला प्लग उपटला. मामंजी दचकून माझ्याकडे बघत राहिले. त्यांना वाटलं मला वेड लागलं. फोन बंद करता करता मी चोर, लफंगा, मेल्या, तोंडाला येईल ते बोलले. मराठीत बोलले. त्याला एक अक्षर कळलं नसेल.

उशीर झाला होता. पुन्हा चालू केल्यावर कुठलीच फाइल उघडेना. सासूबाईंचे फोटो, मुलीचे प्रोजेक्ट, माझी शिकवण्याची टिपणं, सगळ्यांना त्या चोराने कुलूप लावलं होतं. बावीस सेक्टरातल्या दुरुस्तीवाल्याने मान हलवली आणि सगळं पुसून नवं करून दिलं. बैल गेला नि झोपा केला, तसा मग महागातला अँटिव्हायरस बसवला.

नवऱ्याचा संताप मी त्या दिवशी पाहिला तसा लग्नानंतर कधी पाहिला नव्हता. सुरुवातीला मला वाटलं, आईचे फोटो गेले म्हणून. मग कळलं, की तो ऑफिसचे काही मसुदे घरच्या कॉम्प्युटरवर आणून ठेवत होता. आणायला परवानगी नव्हती. ते बाहेर कुणाच्या हाती लागले तर त्याची चौकशी लागणार होती. रागाच्या खाली भीती होती, आणि ती भीती त्याला बापासमोर दाखवायची नव्हती. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

त्याने मामंजींना हॉलमध्ये बसवलं, स्वतः उभा राहिला आणि ऑफिसात हाताखालच्या माणसाशी बोलतो त्या आवाजात बोलला. “बाबा, आजपासून कॉम्प्युटर बंद. कुठलं बटण दाबायचं नाही, कुणाला फोन लावायचा नाही. आम्हाला विचारल्याशिवाय स्वतःच्या मनाने काही म्हणजे काही करायचं नाही. आमच्यापैकी कुणी येईपर्यंत थांबायचं. समजलं?”

“समजलं,” मामंजी म्हणाले.

“अरे, वडील आहेत ते तुझे,” मी म्हटलं. नवरा म्हणाला, “तू मध्ये पडू नकोस.” मामंजी मला म्हणाले, “बरोबर आहे त्याचं. माझ्या टेबलावरून झालंय.”

दुसऱ्या दिवशी सकाळी ते नेहमीपेक्षा लवकरच शर्ट घालून आले. नवरा बूट घालत होता. सरकारी नोकरीत बदली झाली की मागचा माणूस पुढच्याला समोर बसवून चार्ज देतो, तसा त्यांनी लेकाला तोंडी चार्ज दिला. विजेचं बिल कधी येतं, गॅसचं काय राहिलंय, मुलीची फी कुठवर भरली. नवरा एका बुटात पाय घालून ऐकत होता आणि घड्याळाकडे बघत होता. सगळं सांगून झाल्यावर ते थोडा वेळ तिथेच उभे राहिले. चार्ज घेणारा काहीतरी बोलतो, निदान आभार मानतो, अशी पद्धत असावी. नवरा दुसरा बूट घालून निघून गेला.

त्यानंतर ते विचारायला लागले. “पंखा लावू का?” “पेपर मी आधी वाचला तर चालेल?” “टीव्हीचा आवाज वाढवू का?” पहिले काही दिवस मला वाटलं टोमणे मारतायत, आणि मीही टोमण्यानेच उत्तर दिलं, “अर्ज करा मामंजी, मग बघू.” ते हसले नाहीत. घरी कुणी नसलं तर पंखा लागायचाच नाही. ऑक्टोबरातल्या उकाड्यात घामाने शर्ट भिजलेला माणूस मी दार उघडल्यावर विचारी, “लावू का गं?”

मग मला राग यायला लागला, आणि रागामागून भीती. मी त्यांच्यासमोर बसले. म्हटलं, “अहो, ते कॉम्प्युटरपुरतं होतं. रागात माणूस बोलतो.”

“कॉम्प्युटरपुरतं म्हणाला नाही तो,” ते म्हणाले. “काही म्हणजे काही, असं म्हणाला. आणि एकदा मनानं केलं तर काय झालं बघितलंस की. मला आता खरं कुठलं नि खोटं कुठलं कळत नाही, पोरी. न कळणाऱ्यानं विचारावं, हेच बरं.”

“मी सांगते ना, पंखा लावा म्हणून.”

“ते ठीक. पण हुकूम त्याचा आहे. मागं त्यानं घ्यायचा.”

मी नवऱ्याला सांगितलं. एकदा नाही, अनेकदा सांगितलं. दोन शब्द बोल, त्यांना बिलं तरी भरू दे, कॉम्प्युटर नाहीतरी आता रिकामाच आहे. तो म्हणायचा, “हो, बोलतो. जरा हे इन्स्पेक्शन होऊ दे, नंतर बोलतो.” मसुद्यांचं प्रकरण काही बाहेर आलं नाही. चौकशीही लागली नाही. त्याची भीती गेली आणि भीतीबरोबर तो प्रसंगही त्याच्या डोक्यातून गेला. बोलायचं राहूनच गेलं.

मुलगी आजोबांना लाडीगोडी लावून बघायची. “चलो आजोबा, लुडो खेलते हैं.” ते खेळायचे. पण सोंगटी उचलण्याआधी तिच्याकडे बघायचे. तीच एकदा मला स्वयंपाकघरात येऊन म्हणाली, “मम्मा, आजोबा को क्या हो गया है?” आणि रडायला लागली.

जानेवारी उजाडला. चंडीगढच्या धुक्यात समोरचा पार्कही दिसत नव्हता. त्या दिवशी नवरा डेराबस्सीला कारखान्यांच्या तपासणीला गेला होता. मुलगी शाळेतून परस्पर ट्यूशनला जाणार होती. धुक्यामुळे बस रांगत होती आणि मला घरी पोचायला संध्याकाळ झाली.

दार उघडलं तर मामंजी हॉलमधल्या खुर्चीवर बसले होते. कोट घातलेला, मफलर गुंडाळलेला, पायात बूट. डाव्या बुटाची नाडी बांधली होती, उजव्या बुटाची लोंबत होती. उजवा हात मांडीवर दुसऱ्या कुणीतरी आणून ठेवल्यासारखा पडला होता आणि तोंडाची एक बाजू खाली ओघळली होती. मला बघून त्यांना हायसं वाटलेलं दिसलं.

“आलीस,” ते म्हणाले. जीभ जड झाली होती, पण शब्द कळत होते. “दवाखान्यात... जाऊ या का?”

“मामंजी! केव्हापासून असं होतंय?”

“सकाळी. तुम्ही गेल्यावर.”

“मग फोन का नाही केला? मला करायचा! शेजारी हाक मारायची!”

ते कष्टाने शब्द जुळवत होते. “तू वर्गात. तो तपासणीला.” मग श्वास घेऊन म्हणाले, “तुम्ही येईपर्यंत... थांबलो.”

शेजारच्या सरदारजींनी त्यांच्या गाडीतून आम्हाला मेडिकल इन्स्टिट्यूटच्या इमर्जन्सीत नेलं. सगळ्या वाटेवर मामंजींचं डोकं माझ्या खांद्यावर होतं आणि मी वेड्यासारखी त्यांचा उजवा हात चोळत होते. इमर्जन्सीत एक तरुण डॉक्टर होती, मराठी, लातूरकडची. आमचं बोलणं ऐकून ती मराठीवर आली. तिने विचारलं, त्रास कधी सुरू झाला? मी म्हटलं, सकाळी. तिने हातातलं पेन थांबवलं. मेंदूत गुठळी अडकली होती. पहिल्या काही तासांत आणलं असतं तर इंजेक्शन देता आलं असतं, आता ती वेळ टळून गेली होती, असं तिने सांगितलं. मग आवाज खाली आणून विचारलं, “घरात फोन नव्हता का काकू?”

होता. त्यांच्या कोटाच्या खिशात होता. चार्ज केलेला होता.

नवरा धुक्यातून वाट काढत पोचला तोवर मामंजींचं बोलणं बंद झालं होतं. त्याने मला विचारलं, काय झालं, आणि मी त्याला सांगितलं. काही राखून ठेवलं नाही. तो कॉरिडॉरमधल्या भिंतीला टेकून खाली बसला. मला त्याची कीव आली नाही. त्या वेळी तरी आली नाही. हा माणूस दोन शब्दांसाठी चार महिने वेळ काढू शकला नाही, एवढंच माझ्या डोक्यात घोळत होतं.

मग तो उठला, खाटेजवळ गेला आणि वाकून बापाच्या कानाशी बोलायला लागला. “बाबा, मी तो हुकूम मागे घेतला. ऐकताय ना? तुमच्या मनाला येईल ते करा. कॉम्प्युटर तुमचा. टेबल तुमचं. बाबा, मी मागे घेतलं सगळं.” शेजारच्या खाटांवरचे पेशंट आणि त्यांची माणसं वळून बघू लागली. मराठी त्यांच्यापैकी कुणाला कळत नव्हतं. मामंजी त्याच्या तोंडाकडे बघत होते.

ती लातूरची डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाली, “काकू, नुसतं बोलणंच गेलं नाहीये. ऐकलेल्या शब्दांचा अर्थ लावणारा भागही गेलाय. तुम्ही काय बोलताय ते त्यांना बहुधा कळत नसेल.” मी नवऱ्याकडे पाहिलं. तो अजून वाकून बोलतच होता. त्याला थांबवायचं माझ्या जिवावर आलं.

आता ते घरी आहेत. नवऱ्याने कॉम्प्युटरचं टेबल त्यांच्या खाटेशेजारी आणून ठेवलंय. रोज संध्याकाळी त्यांच्यापाशी बसून तो एक-दोन नाट्यगीतं लावतो. ते पडद्याकडे बघत नाहीत. भाषा गेली, नावं गेली, मी कोण हे त्यांना ठाऊक आहे की नाही, ते मला सांगता यायचं नाही. डावा हात मात्र चांगला चालतो, म्हणून जेवण त्यांचं त्यांनी जेवावं असं डॉक्टरांनी सांगितलंय. मी ताट पुढे ठेवते. ते भाकरीचा तुकडा मोडतात, भाजीत बुडवतात, उचलतात, आणि तोंडाशी नेऊन थांबतात. घास हातात धरून माझ्याकडे बघत राहतात. मी मान हलवली की खातात.